वाचकांचे प्रश्न : यान फिरवायचे ते पोळपाटासारखे

प्रश्न : होडीचे तोंड आम्ही सुकाणूने सांभाळतो. काही अंतराळयाने मात्र स्थिर राहावीत म्हणून मुद्दाम स्वतःभोवती फिरवत ठेवतात. फिरणारी वस्तू उलट भरकटायला हवी ना? (एक वाचक, देवगड)

उत्तर : सुकाणू चालते ते पाण्याला रेटून. अंतराळात रेटायला पाणी नाही, वाराही नाही. इंजिनाचा जोर केसभर तिरका लागला आणि यान वळू लागले, की त्याला अडवणारे काही नसते. ते वळतच राहते. यान आसाभोवती फिरत असेल तर तोच तिरका जोर अर्ध्या फेरीनंतर उलट बाजूला पडतो आणि हिशेब जवळपास फिटतो. शिवाय फिरत्या वस्तूचा आस सहजी हलत नाही. भोवरा आरीवर उभा राहतो तो याच गुणावर. मात्र फिरण्याने यानाची वाट ठरत नाही, त्याचे तोंड कुठे राहील एवढेच ठरते.

‘पायोनियर १०’ १९७२ साली निघाले. २.७४ मीटर व्यासाची अँटेना पृथ्वीकडे रोखून ते मिनिटाला सुमारे ४.८ फेऱ्या घेत गेले. त्याचा शेवटचा क्षीण संदेश २००३ च्या जानेवारीत मिळाला.

पण नुसते फिरवून भागत नाही, कोणत्या आसाभोवती फिरवता हे महत्त्वाचे. १९५८ चा अमेरिकेचा पहिला उपग्रह ‘एक्सप्लोरर १’ म्हणजे दोन मीटर लांब, जेमतेम वीतभर जाड नळी. तिला लाटण्यासारखे, लांबीच्या आसाभोवती मिनिटाला सुमारे ७५० फेऱ्यांनी फिरवले होते. काही तासांतच ती आडवी होऊन टोकावर टोक अशी कोलांट्या घेऊ लागली. दोष चार लवचीक अँटेनांचा. त्या वाकत राहिल्या आणि त्या वाकण्यात फिरण्याची ऊर्जा उष्णता होऊन गेली. बाहेरून कोणी अडवत नसल्याने कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण साठा, मात्र तेवढाच राहतो. संवेग तोच आणि ऊर्जा कमी, हे जमते ते वस्तुमान आसापासून जास्तीत जास्त लांब पसरेल अशा फिरण्यात. म्हणून यान पोळपाटासारखे रुंद हवे आणि आस पोळपाटाच्या मधोमध आरपार हवा. आपला ‘आर्यभट’ (१९७५, ३६० किलो, २६ पैलू) हाही नायट्रोजन वायूच्या झोतांनी फिरवत ठेवलेला उपग्रह होता.

ऊर्जा खाणारी दुसरी जागा म्हणजे इंधनाची टाकी. थोडे पाणी आटलेला नारळ कानाशी हलवला की खुळखुळतो, तशीच अर्धी रिकामी टाकी. लांबट यानात हे खुळखुळणे घातक ठरते. रुंद यानात मात्र तीच घासाघीस उपयोगी पडते, आस डुलू लागला तर डुलणे जिरवते. म्हणूनच अशा यानांत द्रव भरलेली छोटी नळी मुद्दाम बसवतात. इंधन फिरण्यामुळे बाहेरच्या भिंतीला चिकटते, तेव्हा टाकीचे तोंडही त्याच बाजूला ठेवावे लागते.

यानाचे तोंड वळवायचे झाले तर झोत सलग सोडून चालत नाही. पायोनियरची एक फेरी साडेबारा सेकंदांची. सूर्य किंवा तारा टिपणारा संवेदक वेळ सांगतो आणि प्रत्येक फेरीत ठरावीक क्षणीच छोटा झोत सुटतो. गंमत अशी, की आस आपण रेटू त्या दिशेला न जाता काटकोनात सरकतो. हिशेब तसाच मांडावा लागतो.

प्रश्न : मग फिरणे थांबवतात कसे? (एक वाचक, दापोली)

उत्तर : खाडीत पाग फेकताना काठाची शिशाची वजने बाहेर फाकतात, ते आठवा. यानाभोवती दोन केबल गुंडाळून टोकांना वजने लावतात. वजने सोडली की ती केबल उलगडत लांब जातात, फिरणे स्वतःकडे ओढून घेतात आणि शेवटी केबलसकट सुटून जातात. २००७ च्या ‘डॉन’ यानाचे वजन सुमारे १२२० किलो. दोन्ही मिळून जवळपास तीन किलोची वजने आणि १२ मीटरच्या केबल यांनी त्याच्या मिनिटाला ४६ फेऱ्या तीनवर आणल्या. दोन्ही वजने एकाच क्षणी सुटायला हवीत. एक अडकले तर ओढ एकाच बाजूने बसते आणि थांबण्याऐवजी यान डुलू लागते.