कळव्याच्या घराच्या दाव्यासाठी वकील कुठला आणि कसा निवडावा

ताई, वडील मृत्युपत्र न करता गेले, कळव्यातील त्यांचे घर भाऊ तुम्हाला वगळून विकायला निघाले आहेत आणि तुम्ही खारघरला राहत असल्यामुळे पनवेलचा चांगला दिवाणी वकील हवा, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, वकील तुमच्या घराजवळचा नको, ठाण्याच्या न्यायालयात रोज उभा राहणारा हवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ नुसार वाटपाचा दावा मिळकत जिथे असेल तिथे दाखल करावा लागतो. खारघरला आपण नवी मुंबई म्हणत असलो तरी ते रायगड जिल्ह्यात येते. कळवा मात्र ठाणे तालुक्यात आहे.

आमच्या जागेच्या दाव्यात मी हीच चूक केली होती. ओळखीतून दुसऱ्या शहरातले नावाजलेले वकील केले. ते स्वतः क्वचितच येत, त्यांचे ज्युनिअर पुढची तारीख घेऊन जात, आणि मनाई हुकुमाच्या अर्जावर युक्तिवाद व्हायलाच आठ महिने गेले. शेवटी त्यांची ना हरकत घेऊन वकील बदलावा लागला.

म्हणून एक सकाळ काढून ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर जा आणि दिवाणी न्यायाधीशांच्या दालनात मागच्या बाकावर बसा; त्याला कोणाची हरकत नसते. पुकारा होताच कोण तयारीनिशी बोलतो, कोण केवळ मुदत मागतो आणि बाहेर व्हरांड्यात आपल्या पक्षकाराला काय घडले हे कोण समजावून सांगतो, हे दोन तासांत दिसते. जे दोन-तीन वकील पटतील, त्यांच्या नावाने ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर शोध घेतल्यास त्यांचे दावे कोणत्या टप्प्यावर आहेत तेही कळते.

पहिल्या भेटीत वकिलांनी फीआधी कागद मागितले पाहिजेत: मृत्यूचा दाखला, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, घरपट्टीची पावती. हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होत असेल आणि घर वडिलांचे स्वकष्टार्जित असेल, तर आई हयात असल्यास तिचा, प्रत्येक भावाचा आणि तुमचा वाटा समान आहे. तेव्हा दाव्यासोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ खाली विक्री थांबवण्यासाठी तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि दुय्यम निबंधकांकडे लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस, हे दोन विषय ते स्वतःहून काढतात का ते पाहा. निकालाची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. घराच्या किमतीत टक्केवारी मागणाऱ्याकडे तर नकोच, कारण बार कौन्सिलच्या नियमांनुसार तशी फी ठरवता येत नाही. फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या, प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि मूळ कागद स्वतःजवळच ठेवा.

खर्चाची अडचण असल्यास ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. भावांनी खरेदीदाराकडून विसार घेतला असेल, तर याच आठवड्यात वकील गाठा.