चोवीस टक्क्यांचा दाखला आणि बारावीची परीक्षा

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. सात वर्षांचा असताना त्याच्या लहान मेंदूत मेडुलोब्लास्टोमाची, म्हणजे कॅन्सरची, गाठ निघाली. ऑपरेशन, डोक्याला आणि मणक्याला रेडिएशन, मग केमो असं सगळं झालं. देवाच्या कृपेने गाठ परत आली नाही. पण चालताना तोल जातो, हात थरथरतो, कानाने कमी ऐकू येतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. थायरॉइडची गोळी रोज चालू आहे. दीड-दोन महिन्यांपूर्वी दिव्यांगत्वाचा दाखला काढला, त्यावर श्रवणदोष चोवीस टक्के एवढंच आलं. दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डातले डॉक्टर म्हणाले, ‘कॅन्सर बरा झालाय, आता आणखी कसलं दिव्यांगत्व?’ कॉलेज म्हणतं, चाळीसच्या खाली बारावीला सवलत नाही. आम्ही काय करावं? तेव्हाच्या डॉक्टरांनी हे परिणाम सांगितले नव्हते, त्यांच्यावर केस होईल का? आणि अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्वाचं काय? याचे वडील सरकारी नोकरीत आहेत, २००१ पासून.

उत्तर : ताई, तुम्ही विचारलेल्या गोष्टींपैकी परीक्षेचं काम आधी हातात घ्या. बाकीच्यांना थोडा वेळ आहे, बारावीच्या फॉर्मला नाही.

कॉलेजने तुम्हाला जे सांगितलं ते सर्रास सांगितलं जातं आणि ते चुकीचं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्तीची व्याख्या कलम २(एस) मध्ये आहे. दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांशी संबंधित कमतरता आणि तिच्यामुळे, भोवतालच्या अडथळ्यांमुळे, इतरांच्या बरोबरीने सहभागी होता न येणं. तिथे टक्केवारीचा उल्लेखही नाही. चाळीस टक्के येतात ते कलम २(आर) मध्ये, ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या वेगळ्या वर्गासाठी. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के आणि सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांना तो वर्ग लागतो. परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांची सोय कलम १७(आय) मध्ये सांगितली आहे, आणि तिथे शब्द आहेत ‘दिव्यांग विद्यार्थी’. लक्षणीय दिव्यांग विद्यार्थी नव्हे.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात लढवून झालेला आहे. विकास कुमार हा तरुण केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देत होता. त्याला ‘रायटर्स क्रॅम्प’ होता, म्हणजे लिहायला घेतलं की हात आखडायचा. चाळीस टक्क्यांचा दाखला नाही म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की चाळीसची अट सवलतींच्या या दारावर लावता येणार नाही, वाजवी सोय हा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे. त्यानंतर केंद्र सरकारने १० ऑगस्ट २०२२ रोजी, चाळीसपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या पण लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार प्रकरणात न्यायालयाने पुन्हा तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षी २०२२ च्या सूचनांच्या जागी नव्या सूचना आल्या.

म्हणून प्राचार्यांमार्फत बारावीच्या विभागीय परीक्षा मंडळाकडे लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. अर्जात कलम १७(आय), विकास कुमार निकाल आणि केंद्राच्या सध्या लागू असलेल्या सूचना, तिन्हींचा उल्लेख हवा. सोबत जिल्हा शल्यचिकित्सकांचं, लिहिण्यात आणि लिहिण्याच्या वेगात मर्यादा असल्याचं प्रमाणपत्र. त्याचा नमुना त्या सूचनांसोबतच जोडलेला आहे.

आणखी एक पुरावा घरबसल्या तयार होईल. तुमच्या सविस्तर पत्रात आहे की इतर मुलं तासात चार पानं लिहितात तिथे याची जेमतेम दीड होतात. कॉलेजच्या सराव परीक्षेत शिक्षकांना त्याच्या उत्तरपत्रिकेवर दर अर्ध्या तासाला समासात वेळ टाकून सही करायला सांगा. अशा दोन-तीन उत्तरपत्रिका प्राचार्यांच्या शिक्क्यासह जोडल्या की वैद्यकीय शब्दांपेक्षा त्या जास्त बोलतात. लेखनिक घ्यायचा की फक्त वेळ, हे मुलालाच ठरवू द्या. ज्याला शब्द आठवायला वेळ लागतो त्याला लेखनिकापुढे बसून अवघडायला होतं, हे मी पाहिलेलं आहे. कानाचं लक्षात घेऊन तोंडी सूचना लेखी द्याव्यात, हीही मागणी त्याच अर्जात घाला.

आता दाखला. तुम्ही पाठवलेल्या ऑनलाइन अर्जाच्या प्रतीत दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून एकच पर्याय निवडलाय, श्रवणदोष. सायबर कॅफेत फॉर्म भरताना असं नेहमी होतं. त्यामुळे बोर्डाने कान तपासले आणि फाइल बंद केली. कायद्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. त्यात ब्रेन ट्यूमर नाही, आणि तो असण्याची गरजही नाही. मोजायचा असतो तो आजाराने आणि उपचारांनी मागे ठेवलेला परिणाम. तोल आणि थरथर चलनविषयक, म्हणजे हालचालींच्या, दिव्यांगत्वात येते. मेंदूच्या कामाचं मूल्यमापन बुद्ध्यांक आणि रोजच्या व्यवहारातली कुवत, अशा दोन्ही बाजूंनी होतं. पाठीच्या रेडिएशनने आणि ग्रोथ हॉर्मोनच्या कमतरतेने काही मुलांची उंची खुंटते. प्रौढपणीची उंची १४७ सेंटीमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कायद्यात तो वेगळा प्रकार आहे. तुमच्या मुलाची उंची पत्रात नाही, ती मोजून घ्या.

कानाच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवा. केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधाने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बोर्ड सरासरी काढतं ती मुख्यतः बोलण्याच्या पट्टीतल्या आवाजांची. म्हणून वर्गात ‘स’ आणि ‘श’ ऐकू न येणाऱ्या मुलाची टक्केवारी कागदावर कमी दिसते. चोवीस हा आकडा फारसा हलेल असं मला वाटत नाही.

पण तो एकटा राहायला नको. एकापेक्षा जास्त दिव्यांगत्वं असतील तर ती नुसती बेरीज करून नव्हे, एका सूत्राने एकत्र करतात. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणून नव्वदने भागायचं, आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा तोल आणि हाताचं मूल्यमापन तीस टक्के झालं. मग तीस, अधिक चोवीस गुणिले साठ भागिले नव्वद, म्हणजे सोळा. एकूण शेहेचाळीस. तीस हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय, तपासणीत काय येईल ते बोर्ड ठरवेल. मात्र तपासणीच झाली नाही तर हे गणित मांडायलाही कुणी बसणार नाही.

त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी करा. बहुदिव्यांगत्वासाठी नव्याने मूल्यमापनाचा अर्ज, आणि आत्ताच्या निर्णयाविरुद्ध कलम ५९ खाली अपील. अपिलाला नव्वद दिवस असतात, तुमचे बरेच उलटलेत, आठवडाभराच्या आत दाखल करा. ‘कॅन्सर बरा झालाय’ हे तोंडी उत्तर कायद्याला चालत नाही. एखादं दिव्यांगत्व नाही असं म्हणायचं असेल तर कलम ५८ प्रमाणे तसं लेखी कळवावं लागतं. अपिलात हे वाक्य कोण, कधी, कुणासमोर बोललं ते लिहा, आवाज न चढवता.

बोर्डापुढे जाताना तीन कागद हवेत : न्यूरॉलॉजिस्टचं पत्र, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा अहवाल, ताजा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख). सायकॉलॉजिस्टना एकूण बुद्ध्यांकावर थांबू नका म्हणून विनंती करा. या मुलांचा एकूण आकडा बरा दिसतो, पण विचार करण्याचा वेग आणि चालू स्मरणशक्ती (काम करताना माहिती मनात धरून ठेवणं) हे भाग खूप खाली असतात. ते वेगळे लिहून हवेत. न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रात ‘रुग्ण रोगमुक्त आहे’ एवढं वाक्य असेल तर ते पत्र तुमच्याच विरुद्ध जाईल. त्यापुढे ‘उपचारांचे परिणाम कायमस्वरूपी आहेत’ हे यायला हवं. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, उशिरा दिसणाऱ्या परिणामांचा पाठपुरावा तिथे होतो. तुमचे उपचार जिथे झाले तिथे अशी सोय आहे का विचारा.

डॉक्टरांवरची केस मी घेणार नाही, आणि तुम्हीही करू नये असं माझं मत आहे. मेडुलोब्लास्टोमात रेडिएशन टाळून मुलगा वाचला असता असं कुणी तज्ज्ञ कोर्टात सांगेल, ही शक्यता फार थोडी. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने, २००५ साली, वाईट परिणाम आणि निष्काळजीपणा यांतली रेघ स्पष्ट केलेली आहे. सांगितलं नाही, या तक्रारीला मात्र कायद्यात जागा आहे. समीरा कोहली प्रकरणात, २००८ साली, पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती असं न्यायालयाने म्हटलं. पण पुढचा प्रश्न समोरचा वकील विचारणारच : बाई, सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता का? शिवाय ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि सहावीपासून तुम्हाला त्रास दिसत होता हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. त्या रुग्णालयाकडून मागायचे ते कागद मागा. रेडिएशन किती आणि कुठे दिलं, केमोत कोणती औषधं, किती डोस. मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे, पण जपून ठेवण्याची सक्ती तीनच वर्षांची. दहा वर्षं झाली आहेत, उद्याच पत्र टाका.

पालकत्वासाठी धावपळ करू नका. अठराव्या वाढदिवसानंतर कायद्याने त्याचे निर्णय त्याचे, आणि तुमच्या पत्रावरून तो ते घेऊ शकतो. पुढे एखाद्या ठरावीक व्यवहारात अडलंच तर त्याच अधिनियमाच्या कलम १४ खाली मर्यादित पालक नेमता येतो. तोही त्याच्याशी विचारविनिमय करूनच निर्णय घेतो.

वडिलांच्या नोकरीचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण ते जपा. २००१ ची नेमणूक म्हणजे जुनं निवृत्तिवेतन. दिव्यांगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला आईवडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. तो उद्या कमावता झाला तर त्याची गरज पडणार नाही, तशी पडू नये हेच बरं. तरी त्याच्या वडिलांना सेवेत असतानाच मुलाचं नाव, नवीन दाखल्याच्या प्रतीसह, कुटुंबाच्या तपशिलात आणि सेवापुस्तकात नोंदवून घ्यायला सांगा. निवृत्तीनंतर ही नोंद करायला गेलेल्यांच्या फायली माझ्या कपाटात आहेत.

वकिलाचा खर्च हा प्रश्न असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. दिव्यांग व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट नाही. मंडळाने अर्ज नाकारला किंवा नुसता दाबून ठेवला, तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, आणि परीक्षा महिन्यावर आली असेल तर थेट उच्च न्यायालयात.