ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन केनियाच्या ग्रुप टूरला जातोय, आठ दिवस. उष्ण देश आहे, तर सुती कपड्यांचे किती जोड घ्यावेत? आणखी काय तयारी करावी?

स्वेटर घ्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

"उष्ण देश आहे" हे वाचलं आणि लिहायलाच बसले, कारण नेमक्या याच वाक्यावरून आमच्या घरात पंधरा दिवस अबोला होता. आम्हीही ऑगस्टमध्येच गेलो होतो. बावीस जणांचा ग्रुप, त्यात घरचे सहा. नणंदेचे मिस्टर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यामुळे बॅगेत काय जाणार हे तेच सांगणार. मी दोन स्वेटर, कानटोपी आणि सासूबाईंची जुनी लोकरीची शाल काढून ठेवली, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, केनियातून विषुववृत्त जातं. केदारनाथला नाही चाललोय आपण." सगळे हसले. आमचे हेसुद्धा. मी स्वेटर परत कपाटात ठेवले, पण शाल गुपचूप बॅगेच्या तळाशी घातली.

मसाई मारा, म्हणजे तिथलं वन्यप्राण्यांचं अभयारण्य, तिथं दिवस उजाडायच्या आत गाडीत बसवतात. गाडीचं छप्पर वर उचललेलं असतं, आपण उभं राहून प्राणी बघायचे. म्हणजे गाडी पळते तेव्हा सगळा वारा थेट छातीवर. भाऊजी अर्ध्या बाह्यांच्या सुती शर्टात. दहा मिनिटांत हात काखेत गेले. थोड्या वेळानं झुडपाखाली सिंहीण दिसली, दोन बछडे तिच्या पोटाशी. सगळे श्वास रोखून बघताहेत आणि मला शेजारून दात वाजल्याचा आवाज येतोय. ड्रायव्हरनंसुद्धा मागं वळून पाहिलं. मी शाल काढून पुढं केली. एक अक्षर न बोलता त्यांनी ती डोक्यावरून घेतली आणि हनुवटीखाली गाठ मारली.

नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, मारा १,५०० च्या पुढे. दोन्ही आपल्या महाबळेश्वरहून उंच. त्यात जुलै-ऑगस्ट तिथले गार महिने, रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. उंची वाढली की तापमान घटतं, हा धडा भाऊजींनी तीस वर्षं पोरांना शिकवला!

असो. जोड चार-पाच पुरेत, बऱ्याच लॉजवर कपडे धुऊन मिळतात. दुपारी ऊन लागतं, तेव्हा एकावर एक असे घाला की काढता येतील. संध्याकाळी डासांसाठी पूर्ण बाह्या. काळा आणि गडद निळा रंग नको, त्सेत्से माशी त्या रंगांवर धावते आणि कपड्यावरूनही चावते. खाकी, मातकट काहीही चालेल.

पिवळ्या तापाची लस मात्र टूरवाल्यांच्या भरवशावर ठेवू नका. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य होतं. ते नसेल तर परत आल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आधी कधी घेतली असेल तर परत नको, २०१६ पासून ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि घरी आल्यावरही सांगितले तितके दिवस घ्या, काही ७ दिवस, काही ४ आठवडे. आमच्यातल्या निम्म्यांनी विमानातून उतरल्याबरोबर बंद केल्या. काही झालं नाही म्हणून आता सगळ्यांना तोच सल्ला देत फिरतात!

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा घरीच ठेवा. २०१७ पासून तिथं बंदी आहे, आणि दंड नुसता नावाला नाही, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आपल्याकडं चपला, ओले कपडे, खाऊ, सगळं कॅरीबॅगेत कोंबायची सवय. मी आदल्या रात्री बसून सहा जणांच्या बॅगा उपसल्या. सगळ्यात जास्त कुणाच्या बॅगेत निघाल्या ते सांगायला नको. पाण्याची बाटली स्वतःची न्या, फेकायच्या बाटल्या राष्ट्रीय उद्यानांत चालत नाहीत. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो.

हो, एक राहिलं. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर लसीआधी डॉक्टरांशी नीट बोला, त्या वयात दुष्परिणामांचा धोका जास्त असतो. आणि टूरमध्ये मोम्बासा असेल तर तिथं समुद्रकिनारा आहे, घामच घाम, स्वेटरचं माझं म्हणणं तिथं लागू नाही. भाऊजी नेमके त्या दोन दिवसांवरच बोलतात. गणपतीत सगळे जमलो की सुरू होतात, "मोम्बासात कुणी घातला होता स्वेटर?" आणि शालीचं काय, तर म्हणे वहिनींनी आग्रह केला म्हणून घेतली, मला कुठं थंडी वाजत होती.

फोटो आहे माझ्याकडे, गाठीसकट. इथं टाकणारच होते, नणंद नको म्हणाली.