चेल्टनहॅमच्या क्रॉस-कंट्री रेसवरून रेसच्या शौकिनांमध्येच दोन तट का आहेत?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर पहिल्यांदाच इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या रेसकोर्सवर गेलात, आणि बुधवारी क्रॉस-कंट्री रेस लागली तेव्हा तुमच्या शेजारचे अर्धे लोक खाण्यापिण्याच्या रांगेकडे वळले आणि उरलेले अर्धे कठड्याकडे धावले. मग तुम्ही विचारलंय की रेस बघायलाच आलेली माणसं या एका रेसला एवढी नावं का ठेवतात, आणि पुढच्या वेळी ती बघावी की नाही.

मी चौदा वर्षं ग्लॉस्टरला राहते, तिथून चेल्टनहॅम बसने पाऊण तासावर. आधीच सांगते, मी कठड्याकडे धावणाऱ्यांपैकी आहे. पण रांगेकडे वळणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या काहींना रेस माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते.

ज्यांनी फक्त महालक्ष्मी किंवा पुण्याचा रेसकोर्स पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे सगळ्या रेस सपाट. चेल्टनहॅमला घोडे उड्या मारत पळतात, पण नेहमीच्या रेसमध्ये सगळे अडथळे साधारण एकाच घडणीचे असतात. तिथला मानाचा गोल्ड कप सव्वापाच किलोमीटरच्या आसपास, बावीस उड्या, सात मिनिटांच्या आत-बाहेर. क्रॉस-कंट्रीचा मार्ग मुख्य ट्रॅकच्या आतल्या मैदानात आहे. तो १९९५ साली तयार झाला. अंतर साधारण सहा किलोमीटर आणि अडथळे ३२: कुपाट्या, चर, आडवे लाकडी दांडे, पाणी आणि शेतात असतात तसे मातीचे बांध. मार्ग स्वतःलाच छेदत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरतो, घोडे कधी डावीकडे वळतात कधी उजवीकडे, आणि एखादी खूण चुकली की जॉकी स्पर्धेतून बाद.

आता विरोधकांचं ऐका. आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, सत्तरीच्या पुढचे. पन्नास वर्षांच्या निकालांची कात्रणं त्यांनी खोक्यांत जपून ठेवली आहेत. त्यांचा पहिला आक्षेप वेगावर. घोडे निम्मी रेस दुडक्या चालीने करतात, खरी चुरस शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये, मग आधीची सहा मिनिटं कशासाठी बघायची? दुसरा आक्षेप फॉर्मवर, आणि तो जास्त वजनदार आहे. रेसचा सगळा अभ्यास तुलनेवर उभा असतो. हा घोडा त्या घोड्याला इतक्या लेन्थने (एक लेन्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरवून आला, त्याच्या पाठीवर इतकं वजन होतं, ट्रॅक असा भिजलेला होता, म्हणून आज तो असा पळेल. क्रॉस-कंट्रीत ही साखळी तुटते. नेहमीच्या अडथळ्यांवरचा उत्तम घोडा बांधापुढे बावचळतो, आणि इतरत्र मागे पडणारा एखादा म्हातारा इथे सगळ्यांना मागे टाकतो. ज्याने आयुष्य आकडेमोडीत घातलं त्याला हा अपमान वाटला तर नवल नाही.

तिसरा आक्षेप, तेच तेच घोडे जिंकतात. याला आधार भक्कम आहे. आयर्लंडमधल्या पंचस्टाउनला ला टूश कप ही जुनी क्रॉस-कंट्री रेस होते. तिथे रिस्क ऑफ थंडर नावाचा घोडा सात वेळा जिंकला. त्याचे मालक होते नट शॉन कॉनरी आणि ट्रेनर एन्डा बोल्जर. चेल्टनहॅमच्या मार्चच्या फेस्टिव्हलमध्ये २००५ साली ही रेस पहिल्यांदा झाली, ती जिंकणारा स्पॉटदडिफरन्सही बोल्जर यांच्याच तबेल्यातला. पुढे २००८ आणि २००९ ला गार्ड शांपेत्र, पुन्हा तोच तबेला. शेजारी म्हणतात, एवढ्या मोठ्या फेस्टिव्हलमध्ये मूठभर तबेल्यांसाठी एक जागा का अडवायची? २००५ सालीच फेस्टिव्हल तीन दिवसांऐवजी चार दिवसांचा झाला, आणि जागा भरायला ही रेस घातली अशी त्यांची पक्की समजूत आहे.

यावर आमच्या बाजूचे लोक लगेच इतिहास काढतात. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात ओ'कॅलहान आणि ब्लेक या दोघांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, सुमारे सात किलोमीटर, घोडे दामटले. मध्ये जे येईल ते ओलांडायचं. चर्चचा मनोरा, म्हणजे स्टीपल, नजरेसमोर ठेवून पळायचं, म्हणून नाव पडलं स्टीपलचेस. म्हणजे उड्यांच्या सगळ्या रेसची आई ही क्रॉस-कंट्रीच. ही गोष्ट खरी आहे, पण तिने वाद मिटत नाही. जुनं आहे म्हणून चांगलं, एवढ्यावर मी कुणाला पटवायला जाणार नाही.

मला पटलं ते एका बांधाजवळ.

नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्येही चेल्टनहॅमला या मार्गावर रेस होतात, आणि तेव्हा मैदानाच्या आतल्या भागात जाऊन उभं राहता येतं. अशाच एका डिसेंबरात मी बांधापासून काही हातांवर होते. पाऊस पडून गेलेला. आधी ऐकू आला तो आवाज. चिखलातून खूर उपसताना होणारा चुबुक चुबुक आवाज, खोगिराच्या कातड्याची करकर, आणि प्रत्येक झेपेबरोबर नाकातून सुटणारा श्वास. पुढचा घोडा अनुभवी होता. बांध दिसताच त्याचे दोन्ही कान पुढे टवकारले आणि त्याने आपणहून वेग कमी केला. जॉकीने लगाम सैल सोडला, अंग मागे टाकलं आणि जवळजवळ काहीच केलं नाही. घोडा वर चढला, माथ्यावर मागचे दोन्ही पाय जुळवून अर्धा श्वास थांबला, खाली पाहिलं, पाय बदलले आणि उतरला. शेताच्या बांधावरून डोक्यावर भारा घेतलेली बाई उतरते तसा, बेताने, एकही पाऊल वाया न घालवता. त्याच्यामागून आला एक तरुण घोडा. त्याने लांबून धाडकन उडी घेतली, माथ्यावर पोट घासेल की काय असं वाटलं, पुढचे गुडघे वाकले, जॉकी मानेवर आला, आणि कसाबसा तोल सावरत दोघं पलीकडे उतरले. दुसऱ्या फेरीत तोच तरुण घोडा त्याच बांधाशी आला तेव्हा त्याने वेग कमी केला होता. चार-पाच मिनिटांत तो शिकला होता, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. सपाट रेसमध्ये घोडा किती पळतो ते कळतं. इथे तो काय विचार करतो ते दिसतं.

त्या दिवशी माझ्याबरोबर बाबा होते, पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेले. आमचं लहानपण एम्प्रेस गार्डनच्या आसपास गेलं. पावसाळा लागला आणि पुण्याचा सीझन सुरू झाला की बाबा पहाटे ट्रॅकवर घोड्यांचा सराव बघायला जात, कधी मला सायकलवर पुढे बसवून. हातात स्टॉपवॉच. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यावरून ते मित्रांशी आठवडाभर वाद घालत. चेल्टनहॅमलाही त्यांनी ते घड्याळ खिशात आणलं होतं, आणि रेस सुटली तेव्हा दाबलंही. पहिल्या फेरीतच त्यांनी ते बंद केलं. मला म्हणाले, "ह्यात घड्याळाला कामच नाही गं." ती त्यांची तक्रार होती. मला मात्र या रेसचं याहून चांगलं वर्णन अजून सापडलेलं नाही. बाबांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. ते म्हणत, बघायला छान आहे, पण याला रेस म्हणू नकोस. घरातल्या घरात हे दोन तट असताना स्टँडमध्ये ते का नसावेत?

या वादाला भरपूर इंधन घातलं ते टायगर रोलने. छोट्या चणीचा घोडा. चेल्टनहॅमचीच ट्रायम्फ हर्डल ही तरुण घोड्यांची रेस २०१४ ला जिंकून पुढे त्याचे बरेच चढउतार झाले. २०१८ ला त्याने चेल्टनहॅमची क्रॉस-कंट्री जिंकली आणि महिन्याभरात ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली उड्यांची सर्वांत प्रसिद्ध रेसही. २०१९ ला पुन्हा दोन्ही. लागोपाठ दोन ग्रँड नॅशनल हे सत्तरच्या दशकातल्या रेड रम या घोड्यानंतर पहिल्यांदाच घडत होतं. क्रॉस-कंट्रीत फक्त थकलेले घोडे येतात म्हणणाऱ्यांना यानंतर थोडं सांभाळून बोलावं लागलं. २०२० ला फ्रान्सच्या ईझीलँडने, अवघ्या सहा वर्षांच्या घोड्याने, त्याला सतरा लेन्थने हरवलं. हेही समजण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये क्रॉस-कंट्रीची परंपरा जिवंत आहे. तिथे ल लिओं-दांजे गावात ७३०० मीटरची रेस होते, आणि घोडे लहान वयातच बांध-चर शिकतात. २०२१ ला टायगर रोल परत जिंकला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

आणि मग मार्च २०२२. त्याची शेवटची रेस, धो धो पाऊस, सगळं मैदान त्याच्या बाजूने. शेवटच्या टप्प्यात त्याच मालकांचा डेल्टा वर्क त्याला गाठून पुढे गेला. जिंकलेल्या घोड्याला काही लोकांनी चक्क हुर्यो केली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. डेल्टा वर्कने काय वाईट केलं होतं? पण त्या हुर्योत एक गोष्ट लपलेली होती. ज्या रेसला नावं ठेवायची त्याच रेसमधल्या एका घोड्यावर लोकांचा इतका जीव जडला होता की त्याचा पराभव सोसवेना.

डेल्टा वर्क २०२३ ला पुन्हा जिंकला, आणि दुसरा वाद पेटला. २०१६ पासून ही रेस हँडिकॅप नव्हती, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर त्याच्या कर्तृत्वाच्या हिशोबाने जास्त वजन लादलं जात नव्हतं. त्यामुळे वरच्या दर्जाचे घोडे उतरत्या काळात इथे येऊन सहज जिंकतात, असं पैसे लावणाऱ्यांचं म्हणणं. २०२४ ला मैदानात पाणी साचल्यामुळे क्रॉस-कंट्री रद्द झाली, बाकीचा ट्रॅक मात्र चालू राहिला, त्यामुळे विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. २०२५ पासून ती परत हँडिकॅप झाली, आणि त्या वर्षी स्टम्पटाउन जिंकला. माझ्या मते हा बदल योग्य आहे. चुरस वाढते, आणि शेजाऱ्यांच्या तिसऱ्या आक्षेपाला काही उत्तर मिळतं. आमच्याच बाजूचे काही जण यावर नाराज आहेत. मोठे घोडे वजनाला भिऊन येणार नाहीत अशी त्यांना भीती वाटते.

एका बाबतीत मात्र मी स्वतःच विरुद्ध बाजूला जाऊन बसते, ती म्हणजे चेक प्रजासत्ताकातली व्हेल्का पार्दुबिट्स्का. १८७४ पासूनची रेस, ६९०० मीटर, ३१ अडथळे, काही भाग नांगरलेल्या रानातून. तिचा इतिहास वाचताना अंगावर काटा येतो. १९३७ ला लाता ब्रांदिसोवा नोर्मा नावाच्या घोडीवर जिंकली. ही रेस जिंकणारी ती एकमेव स्त्री. जॉकी योसेफ वान्या आठ वेळा जिंकले, शेवटचं २०११ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी. पण तिथला चौथा अडथळा म्हणजे टॅक्सिस. उंच कुपाटी, तिच्यामागे घोड्याला न दिसणारा रुंद खंदक. वर्षातून फक्त या एका रेसमध्ये तो ओलांडला जातो, म्हणजे घोड्याला त्याचा सराव नसतो. १९९२ ला प्राणिप्रेमींनी निदर्शनं केली, नंतर खंदक उथळ केला गेला, तरी माझं मन तिथे घेत नाही. बांधावर घोडा बघतो, ठरवतो, मग पाय टाकतो. टॅक्सिसला तो जॉकीवर विश्वास ठेवून हवेत जातो आणि खाली काय आहे ते त्याला हवेतच कळतं. ज्या कारणासाठी मला क्रॉस-कंट्री आवडते, तेच तिथे काढून घेतलेलं आहे. तिथले शौकीन म्हणतात, टॅक्सिस गेला तर रेसच गेली. मी त्यांच्याशी सहमत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: बघाच, पण मार्चच्या गर्दीत स्टँडमधून नको. तिथून घोडे बोटाएवढे दिसतात, बांध दिसतच नाहीत, आणि मग रांगेकडे वळणाऱ्यांचं म्हणणंच बरोबर वाटतं. नोव्हेंबर किंवा डिसेंबरचा शुक्रवार गाठा, क्रॉस-कंट्री त्या दिवशी आहे ना ते आधी बघून घ्या. गमबूट घाला. आतल्या मैदानात जाऊन एखाद्या बांधाच्या उतरत्या बाजूला उभे राहा आणि जागा बदलू नका, घोडे तुमच्यापाशी परत येतात. पहिल्या फेरीत मागे असलेला एखादा तरुण घोडा डोळ्यांनी धरून ठेवा, आणि दुसऱ्या फेरीत तो बांधाशी काय करतो ते बघा. बर्मिंगहॅमहून येणार असाल तर मला कळवा, डिसेंबरात मी तिथे असेनच.