पडीक इमारतीचा पुनर्विकासासाठी सर्व्हे करायचा आहे. विद्यार्थी म्हणून सुरुवात कुठून करू?

मापांपासून. पुनर्विकासाचं काय ते मापं कागदावर उतरेपर्यंत डोक्यातही आणू नका. इतकं ठासून सांगतोय कारण आमच्या वेळी नेमकं उलट झालं.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक बंद पडलेलं दुमजली गोदाम दिलं होतं. चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि फळ्या. सरांनी बाहेर उभ्या उभ्याच निकाल दिला, 'हे पाडायचंच आहे, अंदाजे प्लॅन काढा आणि नव्या डिझाइनला लागा.' निम्म्या वर्गाने तेच केलं. मी आणि माझा जोडीदार दोन दिवस टेप घेऊन आत होतो.

खाली मोठ्या खोलीचे दोन्ही कर्ण जुळले. वरच्या मजल्यावर त्याच खोलीचे जुळेनात, एक 4 सेंटिमीटरने जास्त. जोडीदार म्हणाला, टेप सैल राहिला असेल, काटकोन धरून पुढे जाऊ. तीनदा मोजलं, फरक तेवढाच. मग त्या कोपऱ्यावरून बाहेर ओळंबा सोडला, तर भिंत वरच्या अंगाला बाहेर झुकलेली. पण त्याच कोपऱ्यात का? तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचत गेलो. 11 पैकी 8 ठणठणीत. कोपऱ्याकडच्या 3 तुळयांत तो मुठीपर्यंत गेला, बाहेर काढला तर ओला तपकिरी भुसा चिकटलेला. बरोबर त्याच जागी बाहेरून छताचं पाणी उतरवणारा पाइप फुटला होता. पाणी भिंतीत मुरलं, टोकं कुजली आणि भिंतीला आतून धरून ठेवणारं काही उरलं नाही. बाकी इमारत धडधाकट होती.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचं असतं तिथे, हे मांडलं तेव्हा सर म्हणाले, 'मार्क डिझाइनचे आहेत, दुरुस्तीचे नाहीत.' मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. काय ठेवायचं हे ठरवणं डिझाइन नाही तर काय आहे?

तर, प्रत्येक खोलीचे कर्ण घ्या, दोन्ही मजल्यांवर. लांब भिंतीची मापं एकाच शून्यापासून वाचत जा, तुकडे जोडलेत की चुका साठत जातात. भिंतीची जाडी दारा-खिडकीच्या बाजूला मिळते. भेग दिसली की ती वर रुंद आहे की खाली, हे लिहा आणि टोकाशी पेन्सिलीने तारीख टाका. काँक्रीट असेल तर पोपडे कुठे सुटलेत ते प्लॅनवर दाखवा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट बाहेर ढकलते, म्हणजे पाणी कुठून येतंय ते शोधायला तीच जागा.

तुमच्याकडेही कुणी न मोजताच 'पाडा' म्हणत असेल, तर कुठली भिंत, किती झुकली, कशामुळे, एवढंच विचारा. मोजून पाडायचं ठरलं तर माझी हरकत नाही.

हे आधीच सांगायला हवं होतं: मालकाची लेखी परवानगी घ्या, एकटे जाऊ नका. लाकडी जमिनीवर भिंतीच्या कडेकडेने चाला, मधोमध नाही. कबुतरांची विष्ठा असेल तिथे चांगला मास्क लावा, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. आणि इमारत सुरक्षित आहे असं स्वतः लिहून देऊ नका, ते स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम आहे.