आईची साखर, मुलाचा मोबाईल

"मॅडम, आई साखरेचे खोटे आकडे पाठवते. तिला फसवता येणार नाही असं एखादं ॲप सांगा ना."

फोन पुण्याहून होता. थोड्याफार फरकानं हाच प्रश्न मला हल्ली सारखा येतो. लातूर, बीड, नांदेडकडच्या किती घरांत पोरं पुण्या-मुंबईला आणि आईवडील गावाकडं. मधे फक्त मोबाईल. म्हणून ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून ही हकिगत सांगते.

आई रेणापूर तालुक्यातल्या एका गावात एकटीच राहते. साठी ओलांडलेली, शुगर जुनी, बीपीची गोळी नंतर सुरू झालेली. दिवाळीत मुलानं मोबाईलला जोडलं जाणारं ग्लुकोमीटर आणून दिलं. बोटाला टोचायचं, पट्टीला रक्त लावायचं, की आकडा ॲपवर आणि तिथून थेट त्याच्या फोनवर. शिवाय 'आईची तब्येत' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात तो, त्याची बायको, नांदेडची बहीण आणि भाऊजी. पहिले काही आठवडे आकडे वर-खाली होत होते. मग एकदम शिस्तीत यायला लागले: उपाशीपोटी ९६, १०२, ९९. सगळे खूश. मार्चमध्ये लातूरला एचबीएवनसी केलं तर ९.४. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, आणि ९.४ म्हणजे सरासरी साखर २२० च्या वर. रक्त कमी असलं तरी हा आकडा फसवू शकतो, म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिन पाहिलं, दुसरं मशीन लावून पाहिलं. दोन्ही ठीक. मग संशय आईवरच आला.

अशा वेळी मी दोघांना एकदम समोर बसवत नाही. समोर लेक असला की आई त्याला बरं वाटेल तेच बोलते. मावशी, म्हणजे त्याची आई, एकट्या आल्या. पदराच्या टोकाशी चाळा करत बराच वेळ पावसापाण्याचं बोलल्या आणि मग हसत म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, ते रगात माझं नव्हतंच."

शेजारची तरणी सून रोज सकाळी येऊन आपलं बोट पुढं करायची. तिच्या घरी सासूचं असंच चाललेलं, त्यामुळं तिला या कामात मोठीच गंमत वाटत होती. मला हसू आलं, पण सुईचं तेवढं आधी विचारलं. टोचायच्या पेनात सुई एकच, दोघींना तीच. अशानं कावीळ-बीसारखा आजार एकीकडून दुसरीकडं जाऊ शकतो. ते त्या दिवसापासून बंद करायला लावलं. शेजारणीला तपासणी करून घ्यायचा निरोपही दिला.

हे सुरू कधी झालं? येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी. आपल्याकडं येळवस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. शेतात पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि आग्रह करणारी पन्नास माणसं. सकाळी आकडा आला २८७. पाहुणे अजून घरातच होते. मुलाचा फोन आला, हात पिठाचे म्हणून मावशींनी स्पीकरवर घेतला. "काय खाल्लीस? किती खाल्लीस? तुला मरायचंय का?" सगळ्या ओसरीनं ऐकलं. मग ग्रुपवर लेकीचे व्हिडिओ, सुनेचा डाएट चार्ट. "लेकरू जीव लावतंय, कळतंय की मला," मावशी म्हणाल्या. "पर रोज सकाळी उठून परीक्षाच की ओ. अन् पेपर तपासायला चारजण."

माझं स्पष्ट मत आहे. साखरेचा आकडा ही डॉक्टरांना लागणारी माहिती आहे. तो घरच्यांच्या हातात पुरावा म्हणून पडला की आजारी माणूस तो लपवणारच. मग दहा हजारांचं मशीन घ्या नाहीतर पन्नास हजारांचं.

मुलाशी व्हिडिओवर बोलले. तो वाईट अजिबात नाही. वडील रात्री छातीत दुखून गेले तेव्हा हा रात्रपाळीत होता, फोन सायलेंटवर. तेव्हापासून फोन उशाशी. आईचा आकडा उशिरा आला की याला धडधडायला लागतं. मी विचारलं, "१८० आला तर पुण्यात बसून तुम्ही नेमकं काय करता?" तो जरा थांबून म्हणाला, "फोन करतो." "आणि ६० आला तर?" हे त्याला माहीतच नव्हतं. तीन महिने तो वरच्या आकड्यांवर पहारा देत होता. पण शुगरच्या काही गोळ्यांनी साखर एकदम खाली येते, आणि तासाभरात घात करते ती हीच. त्याची काळजी आईच्या शुगरपुरती नव्हती, म्हणून त्याच्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा नंबर दिला. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

मग दोघांचं ठरवून घेतलं, डॉक्टरांना विचारून. ७० च्या खाली आकडा आला, किंवा हातपाय थरथरून घाम सुटला, तर मावशींनी आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं आणि मग मुलाला फोन. ३०० च्या वर गेला तरी फोन. मधल्या आकड्यांवर मुलानं एक शब्द काढायचा नाही. ते डॉक्टरांकडं जातील. ग्रुप बंद. मावशींना टाईप करता येत नाही, तर त्या रविवारी आवाजात निरोप पाठवतील, त्यात साखरेचं सांगायचं की नाही ते त्यांच्या मनावर. मुलाला हे पचायला जड गेलं.

खरी ओढाताण पुढं झाली, आभा कार्डावरून. मावशींना वाटत होतं हे पाच लाखांवालं कार्ड. तसं नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचाराचं ते आयुष्मान कार्ड. आभा हा १४ अंकी नंबर आहे, त्याला वेगवेगळ्या दवाखान्यांतले रिपोर्ट जोडता येतात. त्यातून पैसे मिळत नाहीत. रिपोर्ट जिथं तयार झाला तिथंच राहतो, दुसऱ्या डॉक्टरला तो पाहायचा तर तुमची परवानगी लागते, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. आता ही परवानगी मोबाईलवर मागितली जाते, आणि मावशींच्या आधारला नंबर होता मुलाचा! म्हणजे ओटीपी पुण्यात वाजणार आणि 'हो' तोच म्हणणार. "सोपं पडतं मॅडम," तो म्हणाला. पडतं, नाही कोण म्हणतं? पण उद्या मावशींना गर्भाशयाचं काही दाखवायचं असेल, झोपेची गोळी सुरू करायची असेल, तर ते मुलाच्या स्क्रीनवरूनच जायला हवं का? मावशी इतका वेळ गप्प होत्या. "नंबर माझाच टाका," म्हणाल्या. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला. ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही, दवाखान्यातून बोलतोय म्हणाला तरी नाही, हे त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

खरे आकडे पाहिल्यावर डॉक्टरांनी रात्रीची गोळी बदलली. जूनमध्ये एचबीएवनसी ८.१ आलं. अजून उतरायला हवं. पण जे उतरलं ते मुख्यतः त्या गोळीनं, आणि ती गोळी खऱ्या आकड्यांशिवाय बदललीच नसती. मुलगा अधूनमधून घसरतो, मग मावशी फोन ठेवून देतात.

ज्यांच्या आईवडिलांकडं साधा बटणांचा फोन आहे त्यांचंही काही अडत नाही. शंभर पानी वही घ्या: तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर, आकडा. गोळ्यांची रिकामी पाकिटं त्याच पिशवीत ठेवायला सांगा. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, पाकिटावरचं नाव लागतं. गावी जाल तेव्हा पानांचे फोटो काढून ठेवा, आईला विचारून. मधल्या काळात आशाताई आहेत, उपकेंद्र आहे. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देता येतं. रेंज मात्र सकाळी बरी असते, दुपारून जाऊ नका.