निर्यातबंदी, बोअरवेल आणि सरकारची मर्यादा

प्रश्न : डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ऐन लाल कांद्याच्या हंगामात आमचे भाव कोसळले. तेव्हापासून माझा मुलगा लिबर्टेरियन विचारांचा झाला आहे. सरकारने पोलीस, न्यायालये आणि सीमांचे रक्षण एवढेच पाहावे, त्यापुढचा कर म्हणजे लूट, असे तो म्हणतो. मला ते अर्धे पटते. या विचारावर कोणते आक्षेप घेतले जातात?
– एक वाचक, निफाड तालुका (जि. नाशिक)

उत्तर : बंदीबद्दलचा आपला राग रास्त आहे, मात्र त्यासाठी लिबर्टेरियन होण्याची गरज नाही. ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून त्याची किंमत उत्पादकाने मोजावी, हे एखाद्या समाजवाद्यालाही खटकेल. चिरंजीवांनी एका चुकीच्या निर्णयावरून थेट मालमत्तेच्या अनिर्बंध हक्कावर उडी घेतली आहे.

या विचाराची सर्वांत नेटकी मांडणी अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये केली. मूळ ताबा न्याय्य असेल आणि पुढचे व्यवहार राजीखुशीने झाले असतील, तर कोणाकडे किती आहे याची चौकशी करू नये, आणि कमाईवरचा कर वेठबिगारीच्याच पंक्तीला बसतो, असे त्यांचे म्हणणे. आक्षेपांची सुरुवात ‘मूळ ताबा’ याच शब्दांपासून होते. चांदवड-देवळ्याकडे एकाने खोल बोअर घेतली की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. त्याने चोरी केलेली नसते, फसवणूकही नाही, आणि १८८२ चा सुखाधिकार कायदा जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकालाच देतो. इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, ही ताबा घेण्याची अट इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकातच घातली होती. नोझिक यांनी ती सौम्य केली. तरी वाळवंटातले बाकीचे पाणवठे आटल्यावर उरलेल्या एकमेव पाणवठ्याच्या मालकाने मन मानेल तो दर लावू नये, हे त्यांनीही मान्य केले. मग पाणी केव्हा इतके कमी झाले, हे मोजणार कोण आणि मालकाला अडवणार कोण? महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आणले, ते याच कारणाने. (त्यांची अंमलबजावणी कशी होते, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहत असाल.)

शिवाय मूळ ताबाच अन्यायाचा असेल, तर त्याची दुरुस्ती करण्यासाठी काही काळ व्यापक अधिकारांचे राज्य लागू शकते, अशी कबुली नोझिक यांच्याच ग्रंथात आहे. त्यांचे अनुयायी तिचा उल्लेख क्वचितच करतात.

मला मात्र अधिक गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप : हा विचार सरकारची जबरदस्ती जितकी बारकाईने पाहतो, तितकी समाजाची आणि मालकाची पाहत नाही. नाशिककरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला तो प्रवेशासाठी. त्या लढ्याचे नेते डॉ. आंबेडकर यांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात बजावले होते की, राज्याच्या नियंत्रणापासून मिळणारे तथाकथित स्वातंत्र्य म्हणजे खाजगी मालकाची हुकूमशाही होय. चिरंजीव म्हणतील की जातिभेदाला राज्यसत्तेनेही बळ दिले होते, आणि ते खरे आहे. परंतु संविधानाच्या पंधराव्या कलमानुसार दुकानदार किंवा हॉटेलमालक जातीवरून कोणालाही प्रवेश नाकारू शकत नाही. आपले दुकान, आपली मर्जी हा न्याय मानणाऱ्या राज्यात हे कलम कोठे बसते, एवढे त्यांना विचारून पाहा.